सुमाताईचं बाकडं

त्र्याहत्तरचा मार्च... पुणतांब्याला आमच्या अंगणात सकाळपासूनच ऊन भाजायला लागलं होतं. त्या उन्हात एक लाकडी बाकडं होतं आणि त्याचा रंग रोज थोडा थोडा उडत होता.

ते माझ्या थोरल्या बहिणीनं, सुमाताईनं रंगवलेलं. लहानपणी पोलिओनं तिचा पाय गेला, त्यामुळे तिचा सगळा दिवस त्या बाकड्यावरच जायचा. शेजारचे पेंटरकाका दुकानांच्या पाट्या रंगवून उरलेला ऑइल पेंट तिला आणून द्यायचे... तिनं बाकड्याच्या पाठीवर पोपट आणि वेली काढल्या, बसायच्या फळीवर लाल फुलं.

आदल्या दिवाळीच्या सुमारास ती काविळीनं गेली. तिचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नव्हता.

पोपटांचे पापुद्रे सुटायला लागले तसे नाना, म्हणजे आमचे वडील, अस्वस्थ झाले. बाकडं घरात घेऊ म्हटलं तर आई नको म्हणायची... "आत तिला कोंडल्यासारखं होईल." बाकड्याबद्दल ती असंच बोलायची.

नाना शाळेत मास्तर, रंगकामातलं त्यांना काही कळत नव्हतं. पेंटरकाका तोवर मुलाकडे मुंबईला राहायला गेलेले. मग नानांनी श्रीरामपूरला एका गॅरेजात विचारलं, तर तिथल्या मिस्त्रीनं मोटारीवर मारायचं बिनरंगी लॅकर दिलं.

"वरून हात मारा मास्तर, काचेवानी हुतंय. मग उन्हाचं काय चालत न्हाई."

त्यानं चांगल्या मनानंच दिलं होतं.

रविवारी सकाळी नानांनी बाकडं पुसून घेतलं आणि ब्रशनं लॅकर लावायला सुरुवात केली. काय चकाकलं ते... विटलेले पोपट एकदम ताजे हिरवेगार दिसायला लागले!

"अगं, बाहेर ये, बघ तरी!" नानांनी आईला हाक मारली. कित्येक महिन्यांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. भराभरा हात चालवून त्यांनी सगळं बाकडं करून टाकलं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली, तोवर रंग सुरकुतायला लागला होता... दुधावरच्या सायीसारखा. नानांनी घाईघाईनं फडक्यानं लॅकर टिपायला घेतलं, तर रंगच फडक्याला लागून निघाला. फडकं टाकून ते उघड्या हातांनी पोपट जागच्या जागी दाबून बसवायला लागले.

"नाना, हात लावू नका... नाना!" मी ओरडत होते. त्यांना ऐकूच जात नव्हतं. बघता बघता खाली नुसतं लाकूड उरलं.

ऑइल पेंटवर ते लॅकर मारलं की खालचा रंग उचलून येतो, तिथं साधं व्हार्निश हवं होतं, हे मला खूप वर्षांनी कळलं.

आई आत जाऊन रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन आली, नानांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि पुसायला म्हणून त्यांचा रंगानं माखलेला हात हातात घेतला. नानांनी तो मागं ओढला.

"राहू दे," ते म्हणाले. "एवढीच उरलीय ती."

आईनं बाटलीचं बूच परत लावलं.

पुढचे काही दिवस नानांनी हाताला साबण लावला नाही. पण घामानं, शाळेतल्या खडूच्या धुळीनं रंग जायचा तो गेलाच.

आता नाना नाहीत, आईही नाही. सुमाताई कशी दिसायची हे सांगणारं कुणी राहिलेलं नाही... आणि कुणी विचारलंच, तर मलाही आता तिचा चेहरा नीट आठवत नाही.