हवेवर भरवसा नसलेला मिस्त्री

वीरभद्रप्पा कलशेट्टींचा हवेवर काडीचा भरवसा नव्हता, आणि त्याला कारण होतं. सात रस्त्याजवळच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. करमाळ्याकडचे, उजनीकाठचे शेतकरी मोटार ट्रॅक्टरवर घालून आणत आणि बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच, "आण्णा, पंप हवा धरतोय." सुईएवढ्या भोकातून पाइपात हवा शिरली की चढलेलं पाणी धाडकन विहिरीत. पुढं पुढं ते माणसंही तशीच पारखू लागले. दुकानात कुणी फार गोड बोलला की म्हणायचे, "ह्यानं हवा धरलीय." दहातल्या आठ वेळा ते खरं निघायचं. उरलेल्या दोन वेळा त्यांनी कधी कबूल केल्या नाहीत.

अशा माणसाच्या घरात मुलानं हवेवर चालणारी लिफ्ट आणली.

गुरुशांतचं चुकलं म्हणता येणार नाही. चौदा महिन्यांपूर्वी त्याची आई शिवबाई जिन्यावरून पडली होती. त्या सकाळी जिना नुकताच पुसलेला. ती वरच्या पायरीवर घुटमळत होती, आणि खालून वीरभद्रप्पाच म्हणाले होते, "ये की, काय होत न्हाय." खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हातात काठी आली, पण जिना सुटला तो सुटलाच. ती वर, सुनेजवळ. हे खाली, गुडघे धरून. सणासुदीला गुडघ्यांना पट्टे बांधून कसेबसे चढायचे, तेवढीच भेट. एरवी एका घरातली नवराबायको फोनवर बोलायची. "जेवलात का?" "जेवलो." त्यांना तिची आठवण यायची, आणि एकाच छपराखाली आठवण येते याची लाजही वाटायची.

लिफ्ट म्हणजे एक उभा गोल नळा, आरपार दिसणारा, आणि आत माणूस उभा राहील एवढी कोठी.

"दोर कुटं हाय?" वीरभद्रप्पांनी पुण्याहून आलेल्या फिटरला, सयाजीला, विचारलं.

"दोर नसतो आण्णा. वरची मोटार कोठीच्या वरची हवा ओढून घेते, मग खालची हवा कोठीला वर ढकलते. उतरताना वरून थोडी थोडी हवा आत सोडायची, की कोठी खाली."

"आन् लाइट गेल्यावर?"

"तरी सावकाश खालीच येते. काही होत नाही."

नेमकं तेच वाक्य. जिन्याखालून वीरभद्रप्पा म्हणाले होते ते. "ब्याड!" ते ओरडले. नको म्हणजे नको. रागावले की मराठी त्यांना अपुरी पडायची आणि कानडी धावून यायची. "मी तपासल्याबिगर तिला आत पाय ठिवू द्यायचा न्हाय."

तपासणं आठ दिवस चाललं. सयाजीनं सिमेंटची पोती घालून कोठी वरखाली केली. हे म्हणाले, पोत्याला खुबा नसतो. गुरुशांत स्वतः बसून आला. हे म्हणाले, ह्याचं काय, हा जन्माचा नशीबवान. त्यांनी दाराच्या रबराला नख लावलं, नळ्याला कान लावला, चहा पिताना सयाजी कुणाला फोन करतो तेसुद्धा आडून ऐकलं. शेवटी सयाजी कंटाळला. "आज संध्याकाळची गाडी आहे माझी. तुम्ही हो म्हणा, नाहीतर बंद करून जातो. मग आजी वरच."

दुपारी सगळे वर जेवायला बसले होते. कोठीही वरच होती. वीरभद्रप्पांनी उदबत्ती पेटवली आणि लिफ्टच्या खालच्या दाराच्या फटीवरून, सांध्यांवरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. पाइपाची गळती ते अशीच धरायचे. धूर जिथं हलला, तिथं भोक. डावीकडून वर, वरून उजवीकडं.

त्यांचं ताट घेऊन उतरणारी सून महेश्वरी जिन्यातच थबकली. ताट पायरीवर ठेवून ती आल्या पावली परत पळाली. "अहो, ऐकलं का! मामा लिफ्टला ओवाळतायत की! पूजा चाललीय!"

वर गलका झाला. वीरभद्रप्पांचं तिकडं लक्षच नव्हतं. थोड्या वेळानं, इतका वेळ सरळ उभा असलेला धूर एकाएकी वळला आणि थेट त्यांच्या डोळ्यांत शिरला. आतून हवा बाहेर येत होती.

"फुटलं!" म्हणत त्यांनी मान वर केली.

नळ्यातून दोन पावलं खाली येत होती. शेजारी काठीचं टोक. मग हिरव्या इरकलीचे काठ.

पकडायला दोर नव्हता. कुठली कळ दाबावी सुचेना. उदबत्ती टाकून त्यांनी दोन्ही हात नळ्याला लावले, जसं काही बाहेरून तिला झेलणारच होते. आयुष्यात एवढी भीती त्यांना कधी वाटली नव्हती. कोठी उसासा टाकत आली आणि जमिनीला टेकली. उतरणाऱ्या कोठीखालची हवा फटीतून बाहेर पडणारच, एवढी साधी गोष्ट त्यांना तेव्हा उमगली.

दार उघडलं. शिवबाई काठी टेकत बाहेर आली.

"पूजा न्हाय केली मी," वीरभद्रप्पा म्हणाले. "गळती शोधत हुतो."

"ठावं हाय की. चाळीस वर्सांत तुमी कुटल्या मशिनीला ओवाळलंय?"

"मग बसलीस कशाला?"

"गळती शोधताय, म्हंजी दाराशीच हुबं असणार," शिवबाई म्हणाली. "म्हणून बसले."