वहाबच्या वाडग्यातलं पाणी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या जानेफळात सोजराबाई तेलीण होती. तिचा नवरा घाण्याच्या, बैलामागे फिरणाऱ्या फळीवर बसून बैल हाकी. तो वारला तेव्हा वजनासाठी तिने फळीवर तीन धोंडे ठेवले. धोंडे नवऱ्यापेक्षा कमी बोलत, एवढी सोय झाली. पण तिळावर वेळेला पाणी टाकणं त्यांना जमेना, आणि पाणी वेळेला पडलं नाही तर तीळ तेल सोडत नाही.

दर्ग्याच्या पायरीवर वहाब बसे. लहानपणी देवीच्या रोगात त्याचे डोळे गेले, तेव्हा बापाने पितळी वाडगा देऊन त्याला तिथं बसवलं. पुढची तीस वर्षं तो बसलेलाच होता. गुरुवारी हिंदू काय अन् मुसलमान काय, सारं गाव त्याच्या वाडग्यात मूठभर ज्वारी टाकी. सोयरीक पाहायला जाणारा, कोर्टात तारखेला जाणारा, म्हैस विकायला जाणारा, कोणीच त्याला चुकवून वेशीबाहेर पडत नसे. त्याला मात्र कोणी काही विचारल्याचं ऐकिवात नाही.

सोजराबाईने विचारलं.

"वहाब, बसून बसून कटाळा नाई येत तुले?"

"सवय झाली, बाई."

"मले बसाची सवय असनाराच मानूस पाहिजे. माह्या फळीवर बस अन् पानी टाक."

"मले दिसत नाई ना, बाई."

"बैलाचे त मी डोये बांधते. फिरनाऱ्याले दिसू नये अन् बसनाऱ्याले दिसावं, हा कुठचा कायदा?"

धोंडे उतरले आणि वहाब चढला. पहिल्या महिन्यात त्याने इतकं पाणी ओतलं की पेंडीची लापशी झाली. नवऱ्याला देत होती त्याच शिव्या सोजराबाईने त्याला दिल्या. वहाबला जन्मात कोणी शिवी दिली नव्हती. आंधळ्याला शिवी देऊन पाप कोण घेणार? त्या दिवशी तो एक भाकर जास्त जेवला.

हळूहळू त्याला घाण्याचा आवाज कळू लागला. कोरडा तीळ कुरकुरतो, पाणी प्याला की कण्हतो, आणि तेल सुटू लागलं की लाकूड गप्प होतं, पोटभर प्यालेल्या वासरासारखं. त्या गप्प होण्याची वाट पाहत वहाब गोल गोल फिरे. पाण्याला त्याचा तोच पितळी वाडगा होता.

अडचण गावाची झाली. दर गुरुवारी माणसं मुठीत ज्वारी घेऊन रिकाम्या पायरीपाशी उभी राहत आणि तशीच परत जात.

भगवंतराव पाटलांचा शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, खटला मेहकरात चालू होता. शुक्रवारी तारीख होती. गुरुवारी त्यांचेच तीळ घाण्यात होते, म्हणून ते तेल पाहायला आले. फळीवर वहाब, पुढ्यात वाडगा. पाटलांच्या हाताने तीस वर्षांची सवय पाळली. फिरत्या फळीमागे अर्धा फेरा चालून त्यांनी वाडग्यात मुठीतली ज्वारी सोडली, हात जोडले आणि लिंबाखाली जाऊन बसले. तीळ कुरकुरला. वहाबने वाडगा आत रिकामा केला.

ज्वारी फुगली आणि सारं तेल पिऊन बसली. खाली थेंब पडेना. आत राखाडी चिखल झाला.

पाटील उठले. "आंधळ्याच्या हाती घाना देल्ला! सोजरे, त्याले पायरीवर धाड. जो जिथं शोभते तिथं शोभते."

चार माणसं जमली. तीही माना हलवू लागली. वहाब खाली उतरला आणि काठी चाचपू लागला. "जाऊ का, बाई?"

सोजराबाईने चिखलात हात घातला. एक फुगलेला दाणा तळहातावर घेऊन ती पाटलांपुढे गेली.

"पाटील, हे ज्वारी कोनाची?"

पाटलांनी दाणा चिमटीत धरून पाहिला. "दानाची," ते म्हणाले.

"मंग तेल बी दानात गेलं. पेंड घरी न्या अन् म्हशीले चारा. तिचं बी पुन्य लागीन." मग ती वहाबकडे वळली. "तू कुठं चालला? काठी ठेव. आनखी एक घाना बाकी हाय. अन् आता टाकाच्या आंधी वाडग्यात बोट घालत जाय."

मेहकरात पाटलांना पुढची तारीख मिळाली.

वहाब त्या फळीवर एकोणीस वर्षं बसला. आधी बोट, मग पाणी. गावाच्या हाताची सवय काही गेली नाही. एखाद्या गुरुवारी बोटाला दाणे लागत. मग वहाब बैल थांबवी, पाणी निथळून ज्वारी ओंजळीत घेई आणि पावलं वाजतील त्या दिशेला हात पुढे करी.

"मामा, तुमची ज्वारी सांडली इथं. ओली झाली. उनात टाका."