लाल रंगाची वाट पाहताना

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमचं तळं आहे. दर रविवारी सकाळी आम्ही काही स्वयंसेवक तिथे जमतो. निर्माल्य, प्लास्टिक बाहेर काढतो आणि बाटलीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून ऑक्सिजन किती आहे ते पाहतो. गेल्या उन्हाळ्यात तो इतका खाली गेला की मासे वर येऊन आ वासायला लागले. काठावरच्या एका जुन्या पाइपातून तळ्यात मैला येत होता. तो कुणाचा, हे पाइपाकडे बघून कळत नव्हतं.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र कळलं होतं. ते आमच्या गटाचेही प्रमुख, म्हणजे तसं त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं. त्यांनी काठावरच्या चाळीच्या सामायिक शौचालयाकडे बोट दाखवलं आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, "येत्या रविवारी शौचालयात रंग टाकून बघू. पाइपातून निघाला तर कुलूप लावतो. दुसरी सोय मग बघता येईल."

त्या चाळीतल्या एक वहिनी आमच्याच गटात आहेत. मूळच्या मालवणच्या. कमरेएवढ्या पाण्यात उतरून जलपर्णी उपटतात त्या एकट्याच. आम्ही बाकीचे काठावरून मार्गदर्शन करतो. कुलूप लागलं असतं तर वहिनींना आणि चाळीतल्या सगळ्या बायकांना हायवे ओलांडून पलीकडच्या शौचालयात जावं लागलं असतं.

आता माझा स्वभाव. सगळे एका दिशेला बघत असले की मला दुसरीकडे फटाका लावावासा वाटतो. वर चढावर असलेल्या आमच्या बिल्डिंगची मैल्याची लाइन मुख्य गटाराला जोडलेली आहे, असं सगळे म्हणायचे. पण म्हणणाऱ्यांपैकी कुणी झाकण उघडून पाहिलं नव्हतं. गळती शोधायला प्लंबर वापरतात तसल्या लाल रंगाची पुडी सेक्रेटरींनी आणली होती. त्याच दुकानातून मी हिरवी आणली, आणि रविवारी निघण्याआधी ती आमच्या संडासात ओतून फ्लशवर फ्लश केले.

बायकोने बाहेरून विचारलं, "काय चाललंय?"

"प्रयोग."

"मग संडास घासून जा."

तळ्यावर पोचलो तेव्हा चाळीत लाल रंग टाकून झाला होता. साहेब पाइपाच्या तोंडाशी उभे होते, हातात नवंकोरं कुलूप. चाळीतल्या बायका भिंतीला टेकून गप्प उभ्या. वहिनी पाइपावरची नजर हलवत नव्हत्या.

"भावजी, लाल इलो तर आमी खंय जावचा?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी घड्याळात बघून माझा हिरवा कुठवर आला असेल याचा हिशेब करायला लागलो.

पाइपातलं पाणी रंग बदलू लागलं. सगळे पुढे वाकले. पाणी हिरवं झालं. साधंसुधं नाही, रेडियमसारखं झगझगीत हिरवं.

"शेवाळ आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"असलं शेवाळ मी जन्मात पाहिलं नाही," साहेब म्हणाले. "कुणाचा रंग हा?"

अशा प्रवेशाची मी आयुष्यभर वाट पाहिली होती. पण मागे आमची अर्धी सोसायटी उभी होती.

"माझा," मी म्हणालो. "दुसऱ्या मजल्यावरचा. आज सकाळचा."

साहेबांना हसू आवरेना. वहिनी हसल्या नाहीत. लाल अजून यायचा होता. मीही मग देवाला विनवायला लागलो की तो येऊ देऊ नकोस.

तो आला. हिरव्याच्या कडेने आधी गुलाबी रेघ, मग चांगला लाल. सेक्रेटरींनी अंपायरसारखं बोट वर केलं. "आला. लावा कुलूप."

वहिनी पुढे झाल्या. "लावा साहेब. पण आदी बिल्डिंगीक लावा. ती वरच्या अंगाक आसा. आमका मागसून."

"अहो, तिथे माणसं राहतात," सेक्रेटरी म्हणाले.

"आनी आमच्याकडे काय मासे रवतत?"

साहेबांनी मान वर करून आमची बिल्डिंग पाहिली. सगळे मजले, खिडकीखिडकीत माणसं. मग त्यांनी कुलूप बॅगेत टाकलं. "दोघांनाही नोटीस देतो. दोन्ही लाइनी एकदमच खोदून मुख्य गटाराला जोडायच्या. तोवर कुणाचंच बंद होणार नाही."

बायका भिंतीपासून सुटल्या, बोलायला लागल्या. मी शाबासकीच्या आशेने वहिनींकडे पाहिलं.

"माका आदी सांगूक काय झाला होता?" त्या म्हणाल्या. "तुमची गंमत झाली, हयसर माझो जीव गेल्लो." आणि पाठ फिरवून चाळीत निघून गेल्या.

परतताना चढावर सेक्रेटरींनी मला गाठलं. "सगळ्यांसमोर वाट लावलीस. मला तरी आधी सांगायचंस ना रे."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"तुला फ्लश करू दिला नसता," ते म्हणाले.