साळूच्या गोठ्यातला कॅमेरा

गुडघ्यात बसवलेला नवा सांधा सोडला, तर रावजींचा कुठल्याही यंत्रावर विश्वास नव्हता. त्या सांध्यावरही पुरता होता असं नाही. "कंपनीचा हाय," ते सांगायचे, "कंपनी हाय तवर चालंल."

करकंबचे रावजी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला मुलाकडे, म्हणजे अभिमन्यूकडे आले आणि आमच्या बिल्डिंगची शांतता संपली. जुळे सोलापुरातली आमची बिल्डिंग तशी सुशिक्षित. मी अभिमन्यूच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो, बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालोय, आणि कोणाचाही मोबाइल अडला की माझंच दार वाजतं. मला यंत्रांबद्दल आदर आहे. डॉक्टरांनी रावजींना रोज पार्किंगमध्ये चालायला सांगितलं, आणि सोबतीला अभिमन्यूने नेमकं मलाच सांगितलं.

पहिल्याच दिवशी मी मोबाइलवर हवामान बघून म्हणालो, "आज पाऊस साठ टक्के आहे."

रावजी थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवले. "म्हंजी येनार का न्हाय?"

"साठ टक्के येणार."

"म्यानेजर, म्हस गाभण असती, न्हायतर नसती. साठ टक्के गाभण म्हस म्या अजून बघितली न्हाय."

मी कॅशियर होतो, हे त्यांना सांगून झालं होतं. पण पासबुक भरायला गेल्यावर काचेपलीकडे जो बसलेला असतो तो मॅनेजर, असं त्यांचं मत होतं आणि त्यांची मतं बदलत नसत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्याची बातमी वाचून दाखवली. ती त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "तितं नळाला कितव्या दिवशी येतंय?" आमच्या नळाला त्या दिवशी पाणी यायचं होतं आणि आलं नव्हतं. मी विषय बदलला.

त्यांची सून पूनम संध्याकाळी मालिका बघायची. रावजीही महिनाभर शेजारी बसून बघत होते. एक दिवस ते मला म्हणाले, "केवढं मोठं सैपाकघर हाय बगा त्येंचं. पर महिना झाला, एक भाकरी भाजली न्हाय कुनी. मानसं उपाशी हायती, म्हनून भांडत्यात." पूनमने हे ऐकलं. ती आता मालिका आतल्या खोलीत, कानात हेडफोन घालून बघते, पण तिची त्यातली गोडी गेली ती गेलीच. भांडण लागलं की तिची नजर शेगडीकडे जाते.

खरं तर ही सगळी मतं म्हणजे वेळ काढणं होतं. रावजींना घरी जायचं होतं. अभिमन्यूचा बेत वेगळा होता. बाबांनी आता कायमचं सोलापुरातच राहावं, डॉक्टर जवळ आहेत, इथे पाय घसरायला शेण नाही, बांध नाही. आई, म्हणजे बजाबाई, म्हैस सोडून यायला तयार नव्हत्या; तर त्यांनी म्हैस आहे तोवर तिकडे राहावं, सणासुदीला भेटी होतीलच. अभिमन्यू मुलगा वाईट नाही. त्याला फक्त प्रत्येक प्रश्नावर उपाय सापडतो.

रावजींच्या बाजूने एकच साक्षीदार होता, आणि तो म्हणजे साळू म्हैस.

साळू पंढरपुरी जातीची, शिंगं पाठीपर्यंत गेलेली. तिचं रेडकू जन्मल्या जन्मल्या गेलं, आणि तेव्हापासून ती फक्त रावजींच्या आवाजावर पान्हावायची. धार काढायची रीत ठरलेली होती. रावजींनी तोंडापाशी उभं राहून तिच्या गळ्याखाली खाजवत बोलत राहायचं, आणि बजाबाईंनी खाली चरवी घेऊन बसायचं. बोलणं थांबलं की धार थांबली. ते बोलणं काय असायचं, हे साळू आणि बजाबाई सोडून कोणाला माहीत नव्हतं.

रावजी सोलापूरला आले आणि साळूने पान्हा चोरायला सुरुवात केली. बजाबाईंनी सरकी घातली, गूळ घातला. शेवटी रावजींचा सदरा अंगात घालून बसल्या. साळूने सदऱ्याचा सावकाश वास घेतला आणि लाथेने चरवी उडवली.

"मला जायाला पायजे," रावजी म्हणाले. आवाज दुःखी होता. चेहरा अजिबात नव्हता.

मी माझ्या परीने मदत करायची ठरवली. मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धीला विचारलं. तिने क्षणात सांगितलं, की वातावरण शांत ठेवा, मंद संगीत लावा, आणि पशुवैद्यकाचा सल्ला घ्या.

"ह्येनं कवा धार काडलीया का?" रावजींनी विचारलं.

"नाही. पण याने जगातली सगळी पुस्तकं वाचलीत."

"मग त्याला वाचू द्या निवांत. मधी बोलवू नगा."

अभिमन्यूने मात्र उपाय काढला. एका रविवारी तो करकंबला गेला आणि गोठ्याच्या तुळईला कॅमेरा बसवून आला. त्यात स्पीकर होता. इकडे मोबाइलवर बोललं की तिकडे गोठ्यात ऐकू जायचं. "बाबा, तुम्ही इथून साळूशी बोला. आई धार काढेल."

रावजींनी कॅमेऱ्याबद्दल एकही मत दिलं नाही, तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती. त्यांनी हिशेब केला होता. साळू या यंत्राला भुलली, तर त्यांचं करकंबला जाण्याचं कारणच संपणार होतं.

अभिमन्यू सकाळीच ऑफिसला जायचा, म्हणून मोबाइल लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर साळूची पाठ, शिंगं आणि खाली वाकलेल्या बजाबाईंचा पदर दिसत होता. मी खूण केली. रावजींनी घसा साफ केला आणि तलाठ्याशी बोलावं तसे बोलले, "साळू. मी रावजी बोलतूया. सोलापूरवरनं. दूध द्यावं."

साळूने शेपटीने माशी हाकलली.

"बगा," रावजी माझ्याकडे वळून म्हणाले, "जनावराला कळतंय. यंत्र ते यंत्र."

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. मी अभिमन्यूला सांगितलं की प्रयोग फसला, आणि यंत्रांबद्दल आदर असूनही मला फारसं वाईट वाटलं नाही. रावजी त्या दिवशी पार्किंगमध्ये एक फेरी जास्त चालले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल लावला, तर बजाबाई खाली बसलेल्याच नव्हत्या. त्या साळूच्या कासेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कास दगडावानी झालीया," त्या कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "हात लावू देईना. ताप हाय अंगात." साळू एक पाय उचलून धरत होती, टेकवत होती, पुन्हा उचलत होती.

रावजी ते बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, ओंजळीत धरला, आणि माझ्याकडे पाठ केली.

"साळू... ये गं माजी सोन्याची. रुसलीयास व्हय? म्या हितंच हाय की. तुला टाकून कुटं जाऊ मी? दुकतंय व्हय लई? सोड, माजे आई, सोड. म्या हाय न्हवं हितं..."

साळूचे कान उभे राहिले. तिने आधी दाराकडे बघितलं, मग शिंगं सावरत मान वर केली आणि तुळईकडे बघितलं. बजाबाई चटकन खाली बसल्या. चरवीत पहिली धार वाजली, ती आम्हाला जुळे सोलापुरात ऐकू आली. रावजी बोलतच राहिले. गळ्याखाली खाजवायचा त्यांचा हात हवेत हलत होता. मधेच बजाबाईंनी पदराने तोंड पुसलं. दूध उडालं असेल, असं मी तेव्हा समजलो.

चरवी भरली. रावजींनी मोबाइल मला परत दिला. "झालं," एवढंच म्हणाले. स्वतःच्या तोंडाने स्वतःची केस हरून आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला, आणि मला फार वाईट वाटलं.

अभिमन्यूचा आनंद गगनात मावेना. त्याने ऑफिसमध्ये सांगितलं, पूनमने भिशीत सांगितलं. बिल्डिंगमधले लोक धार बघायला यायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या दाक्षायणीबाई तर चहा घेऊन बसायच्या. रावजी रोज सकाळ-संध्याकाळ मोबाइल ओंजळीत धरायचे, बोलायचे, परत द्यायचे. साळू बरी झाली. दूध पहिल्यासारखं यायला लागलं. अभिमन्यूने बाबांसाठी नवीन पलंग आणला, चांगला लाकडी, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

रावजींनी मतं देणं बंद केलं. मी पार्किंगमध्ये मुद्दाम सांगायचो, "आज पाऊस सत्तर टक्के." ते नुसते "बरं" म्हणायचे. एकदा मी बिनड्रायव्हरच्या गाडीची बातमी वाचली, एवढी सोपी बातमी, लहान पोरही काहीतरी बोललं असतं. रावजी काठी टेकत पुढे गेले. त्यांची मतं मला एवढी हवी असतात, हे मला माहीत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी अभिमन्यूने माझं दार वाजवलं. गोठ्यातला कॅमेरा बंद पडला होता. मी गेलो. पडदा काळा. मी नेट तपासलं, ॲप काढून परत टाकलं, अंदाज सांगितला की करकंबला लाइट गेली असेल. रावजी नव्या पलंगावर काठी धरून बसले होते. अभिमन्यूने आईला साधा फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"आई, लाइट आहे का तिकडे?"

"हाय की."

"मग कॅमेरा बंद का दाखवतोय? हललाय का?"

"हलला बी न्हाय, बिगडला बी न्हाय. म्या वायर काडलीया."

अभिमन्यू माझ्याकडे बघत राहिला. "का? साळू पान्हावत नव्हती का?"

"पान्हावती की. त्या डबड्यातनं आवाज आला की कान टवकारती, दूद देती, अन रवंथ करत बसती. तिचं काय बी अडत न्हाय."

"मग झालं काय?"

"आरं मग काय मग? रोज दोन वक्ताला म्या खाली बसून ऐकायचं, अन वर बगावं तर तुळई. म्हशीला चालतंय. मला न्हाय चालत."

अभिमन्यूने घाईघाईने आवाज कमी करायचं बटण शोधलं आणि चुकून वाढवला. "आई, फोन स्पीकरवर आहे. बाबा इथेच बसलेत."

"ठावं हाय मला," बजाबाई म्हणाल्या. "म्हनून तर वराडतीया."

फोन त्यांनीच ठेवला. अभिमन्यूने परत माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघून उपयोग नव्हता. अडलेला मोबाइल मला कळतो, याच्यात मला काही कळत नव्हतं. अभिमन्यूने पहिल्यांदाच कुठलाही उपाय सुचवला नाही. तो खाली गाडी काढायला गेला.

रावजी तोवर चपला घालून दारात उभे होते. पिशवी पूनमने मागून भरून आणली.