उत्तमनानांची निर्लेखन समिती

मी पहिल्यांदा उत्तमनानांच्या घरी गेलो तेव्हा ते बातम्या पाहत होते. समोर दोन टीव्ही एकावर एक ठेवलेले होते. खालच्या टीव्हीवर पुठ्ठ्याची चिठ्ठी होती : ‘चित्र येते. आवाज नाही.’ वरच्यावर दुसरी : ‘आवाज येतो. चित्र नाही.’ दोन्ही चालू होते. निवेदिका खाली ओठ हलवत होती आणि आवाज तिच्या डोक्यावरून येत होता.

“दोघं मिळून एक काम करतेत,” नाना म्हणाले. “आमच्या हापिसात चौघं मिळून करत नव्हते.”

आखाडा बाळापुरात मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून राहत होतो. माझी भाड्याची खोली नानांच्या घरासमोर होती. नाना पाटबंधाऱ्याच्या भांडारातून भांडारपाल म्हणून निवृत्त झाले होते. गंजलेल्या झडपा, फुटके पंप आणि मोडकी टेबलं यांची त्यांनी बत्तीस वर्षं राखण केली. सरकारी कार्यालयात निकामी वस्तू अशीच फेकता येत नाही. तिचं निर्लेखन करावं लागतं. तीन जणांची समिती बसते, वस्तू तपासते, दोष लिहिते, तिघंही सही करतात, मगच ती वस्तू भंगारात जाते. नानांच्या सबंध नोकरीत ही समिती एकदाच बसली. विषय एका मोडक्या खुर्चीचा होता. तिसऱ्या सदस्याला बसायला दुसरी खुर्ची नसल्यामुळे बैठक तहकूब झाली.

निवृत्तीनंतर नानांनी तीच समिती घरी नेमली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य त्यांच्या पत्नी सुमनकाकू. तिसरा सदस्य समोरच्या खोलीत जो कोणी भाडेकरू असेल तो. माझ्या आधी एक पशुवैद्यक होते. त्यांनी मिक्सरला इंजेक्शन देण्याची तयारी दाखवल्यावर नानांनी त्यांचं सदस्यत्व गोठवलं, असं काकूंनी मला सांगितलं.

बैठक रविवारी चहाच्या वेळी ओसरीवर होई. बैठकीपुरतं नाना काकूंना ‘तुमी’ म्हणत, एरवी ‘अगं’. निर्णय एकमतानेच घ्यायचा, ही अट होती. काकूंचं मत कायम एकच होतं.

“काढा बरं एकदाचं हे समदं. पाय ठेवायला जागा न्हाई घरात.”

नानांचंही एकच होतं. “बंद न्हाई पडलं ते. थांबलंय.”

मी तटस्थ राहत असे. बातमीदाराला तसं शिकवलेलं असतं. शिवाय चहा दोन्ही बाजूंनी मिळत होता. तीन वर्षांत समितीने एकही वस्तू निकाली काढली नाही.

या कार्यक्षमतेचं फळ मधल्या खोलीत साठलं होतं. आमच्या भागात विजेचा दाब कधी दिवा लाल करतो तर कधी दिवाच उडवतो, त्यामुळे आवक नियमित होती. खोलीत पत्र्याचा कूलर होता : ‘वारा येतो. पाणी चढत नाही.’ कपडे धुण्याचं यंत्र होतं : ‘धुते. पिळत नाही.’ एक रेडिओ होता, त्यावर नुसतंच ‘खरखर’ असं लिहिलं होतं. बिनतारेचे चार्जर होते, बिनचार्जरचे मोबाइल होते. रिमोट तर सगळेच होते आणि प्रत्येकावर दुकानातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं. आतला माणूस गेला तरी अंगावरची इस्त्री मोडू नये, अशी काळजी त्यामागे होती. माळ्यावर या सगळ्यांची रिकामी खोकी थर्मोकोलसकट ठेवलेली होती. न जाणो, परत पाठवायची वेळ आली तर.

पुण्याहून मुलगा राजू अधूनमधून नवीन वस्तू मागवून द्यायचा. दारात आलेला माणूस जुनी वस्तू बदल्यात मागायचा. नाना त्याला पाणी द्यायचे, वस्तू द्यायचे नाहीत. “नव्याचा काय भरवसा?” ते म्हणायचे. “उद्या हे थांबलं तं? जुनं राखीव पायजे.” म्हणजे नवीन टीव्ही बिघडला तर जुना बिघडलेला टीव्ही तयार होता. राजूने पाठवलेला सपाट टीव्ही भिंतीवर चढला त्या दिवशी ती जोडगोळी मधल्या खोलीत राखीव म्हणून रुजू झाली. दसऱ्याला नाना खोलीतल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावत आणि झेंडूचं फूल वाहत. ज्यांनी वर्षभर काहीच केलं नव्हतं त्यांनाही. “हापिसात असल्यांना बोनस मिळायचा,” नाना म्हणायचे, “इथं फूल तं द्यावं.”

राजू, त्याची बायको पूजा आणि मुलगी स्वरा वर्षातून एकदा, दिवाळीला येत. एक रात्र राहत. पुढच्या खोलीत सगळ्यांची अंथरुणं होत नसत, म्हणून स्वराची गादी मधल्या खोलीत, यंत्र आणि कूलर यांच्या फटीत घालत. मागल्या दिवाळीला कूलरचा पत्रा तिच्या पोटरीला लागला. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. पुढच्या दिवाळीला दोन महिने असताना पूजाने फोनवर सासऱ्यांना शांतपणे सांगितलं, “पप्पा, मधली खोली मोकळी झाली तर आम्ही आठ दिवस राहू. स्वराला आवडतं तिथं.”

पुढच्या रविवारच्या बैठकीत नानांनी चहा येण्याआधीच विषय मांडला.

“आठ दिवस म्हणली पूजा,” ते म्हणाले. “आठ. पोरगी आजवर एका रात्रीच्या वर राहिली न्हाई. मला तिची अजून नीट वळख न्हाई.”

मी चष्म्याआडून त्यांच्याकडे पाहिलं. थट्टेचा सूर नव्हता.

त्यानंतरचं कामकाज पाच रविवार चाललं. नाना एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत, दोष विचारत, मत घेत. कूलर गेला. धुण्याचं यंत्र गेलं. रेडिओच्या वेळी त्यांनी एकदा खरखर ऐकवण्याची परवानगी मागितली. समितीने ती दिली आणि मग रेडिओही गेला. काकूंचा हात सगळ्यांच्या आधी वर व्हायचा. फ्रीजपाशी गाडी अडली.

“फ्रीज जाणार न्हाई,” काकू म्हणाल्या.

“काहून? तुमीच तं म्हणत होत्या, समदं काढा.”

“समदं म्हणजे तुमचं समदं. ह्याच्यात माझ्या कुरडया हायत. पापड हायत. उंदराला दार उघडता येत न्हाई.”

“थंड करत न्हाई तो. दोष लिहिलेला हाय.”

“कुरडयाला थंडी कशाला पायजे?”

फ्रीज चालू असताना त्यात पाण्याच्या दोन बाटल्यांपलीकडे काही नसे. बंद पडल्यावरच तो घराच्या खऱ्या उपयोगी आला होता. त्याची बदली स्वयंपाकघरात झाली.

भंगारवाले युसूफभाई या गल्लीत वर्षानुवर्षं हाळी देत. नानांच्या दारासमोर मात्र ती थांबवत, उगाच घसा कशाला कोरडा करायचा म्हणून. त्या दिवशी नानांनीच त्यांना हाक मारली.

“सच्ची दे रहे क्या नाना?” युसूफभाई दारातच उभे राहिले. “फिर वापस लेने तो नै आते ना?”

“समितीचा ठराव झालाय,” नाना म्हणाले.

युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

जोडीतला एक टीव्ही बाहेर काढताना नाना मागेमागे चालत होते. “काच सांभाळा. उंबरा हाय. हळू.”

“नाना, तोडनेकूच ले जा रा ना मैं इसको.”

“तोड तिकडं. इथून नीट ने.”

प्रत्येक वस्तूवरची चिठ्ठी नानांनी आधीच काढून घेतली होती. ती सगळी चवड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. टेम्पो वळल्यावर त्यांनी खिशावरून हात फिरवला आणि आत जाऊन केरसुणी घेतली.

खोलीला निळसर चुना लागला. एक खाट आली, मच्छरदाणी आली. हिंगोलीच्या बाजारातून गुलाबी चादर आली. तिच्यावर ससे होते. नाना दुकानात अर्धा तास उभे होते, कारण आठ वर्षांच्या मुलीला ससे आवडतात की हत्ती, हे घरात कोणालाच सांगता येईना. सगळं लागल्यावर त्यांनी दारात उभं राहून खोलीचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : ‘खोली पूर्ण रिकामी झाली आहे. कळावे.’ राजूचा अंगठा आला. पूजाचे जोडलेले हात आले. नानांनी तो अंगठा मला दोनदा दाखवला.

धनत्रयोदशीच्या दुपारी राजूची गाडी आली. मी तेव्हा ओसरीवरच होतो. काकू भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. नाना गाडीच्या मागच्या दारापाशी गेले आणि काचेतून आत वाकले. मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेला मोठा टीव्ही आडवा होता. त्याच्या पायाशी प्रिंटर, दोन लॅपटॉप आणि हवा शुद्ध करण्याचं एक यंत्र. पुढच्या सीटवर मायक्रोवेव्ह होता. त्याला सीटबेल्ट लावलेला होता.

“स्वरा कुठंय?” नानांनी विचारलं.

“गाडीत जागाच राहिली न्हाई ना पप्पा,” राजू पाय मोकळे करत म्हणाला. “त्या दोघी पूजाच्या आईकडं हायत. मे महिन्यात येतील, चांगल्या निवांत.”

काकूंचा तांब्या हातातच राहिला.

राजूने सगळं नीट समजावून सांगितलं. दिवाळीची ऑफर होती, म्हणून घरात सगळं नवीन घेतलं. सोसायटीत असला कचरा न्यायला महिन्यातून एकदा गाडी येते, ती नेमकी चुकली. भंगारात द्यायला जीव होईना. “आणि तुमी फोटो टाकला ना खोलीचा. पूजाच म्हणली, अरे, एवढी जागा हाय की आपल्या घरी.”

घराण्याचा गुण पुण्यात गेला म्हणून पुसला जात नाही. फरक एवढाच की नानांची खोली नानांच्या घरात होती आणि राजूचीही.

टीव्हीची एक बाजू राजूने धरली, दुसरी नानांनी. खाट भिंतीला सरकवून तो टीव्ही खोलीत टेकवला. मग नानांनी पुठ्ठा कापला, पेन काढलं आणि चष्मा लावला.

“काय होतंय ह्याला?”

“कशाला? काही न्हाई. चालू हाय.”

“आवाज?”

“येतो.”

“चित्र?”

“एकदम क्लिअर. पप्पा, खराब न्हाई झाला तो.”

“मंग काहून काढला?”

“जुना झाला ना.”

“कवा घेतलता?”

राजूने आठवून पाहिलं. “स्वरा झाली तवा.”

नाना पेन धरून बसून राहिले. चिठ्ठीवर दोष लिहायचा असतो. इतक्या वर्षांत बिनदोषाची वस्तू त्यांच्यासमोर आलीच नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं : ‘चालू आहे. दोष नाही.’ चिठ्ठी चिकटवताना त्यांनी अंगठा गरजेपेक्षा जास्त वेळ दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच राजू निघाला. सासरी जायचं होतं. काकूंनी फ्रीज उघडून नातीसाठी कुरडयांची पिशवी भरून दिली. जाताना गाडी रिकामी होती. पिशवी पुढच्या सीटवर ठेवली. तिला बेल्ट लावला नाही.

दिवाळीनंतरच्या बैठकीत काकूंनी ठराव मांडला : पुण्याचं सगळं सामान आजच्या आज युसूफभाईंना द्यावं. आवाज चढलेला होता. मी प्रथमच चहा येण्याआधी मत दिलं, काकूंच्या बाजूने. नाना म्हणाले, “दोष दाखवा. दोष नसलेली वस्तू काढायचा नियम न्हाई.”

“मी दाखवते दोष,” म्हणून काकू आत गेल्या, टीव्ही पुसायच्या फडक्यासकट. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या फडकं न वापरताच. टीव्हीच्या मागच्या अंगाला, लहान मुलाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, फुलपाखरांची चार स्टिकरं होती. एक उलटं चिकटलेलं होतं.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “माझा ठराव मागं घेते.”

त्यानंतर ती दोघं संध्याकाळी मधल्या खोलीत, सशांच्या चादरीची घडी बाजूला ठेवून, खाटेवर बसून त्याच टीव्हीवर बातम्या पाहत. चित्र आणि आवाज एकाच ठिकाणाहून येत होते. नानांना त्याची सवय व्हायला वेळ लागला. मे महिन्यात स्वराचा पोहण्याचा वर्ग होता.

जूनमध्ये माझी बदली हिंगोलीला झाली. मी खोली सोडताना नाना माझं सामान पाहत उभे होते. माझा जुना प्रिंटर कागद ओढत नव्हता.

“हे काय करता?” त्यांनी विचारलं.

“बघू. टाकून देईन.”

“ठेवून जा. थांबलाय तेवढा. घ्यायला या कवा तरी.”

मी बरं म्हणालो. त्यांनी तिथंच चिठ्ठी लिहिली : ‘कागद ओढत नाही. मालक नेण्यास येणार.’ हिंगोली बाळापूरहून तासाभराच्या आत येते. त्या दिवशी माझ्या गाडीत जागाही भरपूर होती. मी अजून गेलेलो नाही.