चंद्राच्या कांडीचा डाग

माझ्या पहिल्या मतदानाच्या आदल्या दिवशी, घाटकोपरच्या आमच्या डॉक्टरने माझ्या डाव्या तर्जनीवरची चामखीळ सिल्व्हर नायट्रेटच्या कांडीने जाळली. मी कळवळत होते आणि हा कौतुकाने सांगत होता, "जुने किमयागार चांदीला चंद्र म्हणायचे, म्हणून हिचं नाव चंद्राची कांडी." चंद्र गेला खड्ड्यात! सकाळी नखाभोवती बोट काळंठिक्कर.

मतदान केंद्रावरचा अधिकारी बोट बघून खेकसला, "शाई लागलीय की! किती वेळा मत देणार, बाई?" मी चामखीळ दाखवली, भांडभांड भांडले. त्याने हाकललंच.

पुढे कळलं, त्या शाईतही हेच सिल्व्हर नायट्रेट असतं. माझा डाग महिन्याभरात गेला. निवडून आलेला मात्र पाच वर्षं हलला नाही.