संत्री पाहायला निघालो, गोचीड पाहून आलो

शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागा पाहायच्या, हे मी तीन वर्षं ठरवत होतो. ठरवायला तिकीट लागत नाही, त्यामुळे सुखाचं चाललं होतं. यंदा दिवाळीनंतर प्रल्हादचा फोन आला. आम्ही एका वसतिगृहात राहून संस्कृत शिकलो. तो मूर्तिजापूरजवळच्या आपल्या गावी मास्तर झाला, निवृत्त झाला, आणि आता शेती पाहतो.

"सोमवारी अकोल्याले छातीत मशीन बसवून राहिलो," तो म्हणाला. "त्याच्या आधी ये, पंडित. मग तुह्या विनोदाले हसता येते की नाई, काय माहीत."

मी शुक्रवारचं तिकीट काढलं. बेत असा: दोन दिवस त्याच्याकडे, सोमवारी दवाखाना, नंतर अमरावतीमार्गे बागा.

पुण्याहून विदर्भाकडे जाणाऱ्या सगळ्याच गाड्या मूर्तिजापूरला थांबत नाहीत. तेवढं पाहून घ्या. स्टेशनाच्या एका अंगाला जुन्या शकुंतला गाडीचे अरुंद रूळ आहेत. गाडी बंद आहे, पण त्यावरून शेळ्या वेळेवर जातात. बाहेर आलुबोंडा घ्या, तर्री बेताने घ्या.

प्रल्हाद घराच्या फाटकात उभा होता. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळलेली, डावा डोळा अर्धवट मिटणारा. 'प्रल्हाद'मधला 'प' ओठांतून नुसती हवा होऊन बाहेर पडत होता. पाणिनीची सूत्रं पाठ म्हणणाऱ्या माणसाचे ओष्ठ्य वर्ण रजेवर गेले होते. मी तसं म्हणालो. तो उजव्या बाजूने हसला.

हकिकत शोभावहिनींनी सांगितली. दसऱ्याच्या सुमाराला तोंड वाकडं झालं. वारं लागलं असं सगळ्यांचं मत पडलं, तेल चोळून झालं. मग अंगणात दोनदा चक्कर आली. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला उशिरा पोचत होता, मधूनच पोचतच नव्हता.

"त्या म्हणे, आजच भरती व्हा. हे म्हणे, सोमवारी येतो, पाहुणा येऊन राहिला," वहिनी म्हणाल्या. "आता तुमीच सांगा भाऊजी, तुमच्यासाठी कोणी मरते काय?"

पुण्यात असताना मी स्वतःला बऱ्यापैकी महत्त्वाचा समजत असे, पण इतका नव्हे.

शनिवारी दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. काम करू नकोस असं बजावलेलं असूनही प्रल्हाद गोठ्यात गेला आणि बैलाच्या कानामागून गोचिडी काढू लागला. बोटांच्या चिमटीत धरायची, ओढायची, रॉकेलच्या डबीत टाकायची. नाडीचा भरवसा नव्हता, हाताचा होता.

"ह्या पाह्य कशा टपोऱ्या," तो म्हणाला. "अमेरिकेतली तिळाएवढी असते. श्रावणात गेलतो तवा पोरीच्या तिथल्या अंगणात गवत काढलं, तर मांडीले एक चिकटली होती. दोन दिवसांनी दिसली."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"काय सांगू?"

"चावली म्हणून."

"त्याहीनं इचारलं, किडा-बिडा चावला काय? मी म्हणलं, नाई. गोचीड म्हणजे काय चावणं हाय का बापा? लहानपणापासून काढून राहिलो."

"आणि अमेरिका?"

"सांगतलं ना. पोरीकडे गेलतो म्हणलं."

पोरीकडे. मुलीचं सासर परतवाड्यालाही असू शकतं. मी पुढे विचारलं, तेव्हा मांडीवर नंतर लाल कडंही उठल्याचं निघालं, चंद्राभोवती खळं पडतं तसं, वाढत जाणारं. त्यावर त्याने गजकर्णाचं मलम लावलं होतं. मलम संपायच्या आत कडं गेलं, म्हणून मलमाचं त्याने कौतुकही केलं.

मी वैद्य नाही, पण इतकं गाठोडं मनात ठेवून सोमवारची वाट पाहणं मला जमेना. शेजाऱ्याची गाडी काढली आणि चार वाजता अकोल्याकडे निघालो. वहिनी वाटभर काहीच बोलल्या नाहीत. वऱ्हाडात हा रागाचा वरचा सूर आहे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे आधी का नाही सांगितलं, काका?"

"तुमी किडा इचारला," प्रल्हाद म्हणाला.

त्यांचा संशय लाइम आजारावर गेला. लिंबाशी त्याचा संबंध नाही; अमेरिकेतल्या एका गावाचं नाव आहे. गोचिडीतून जंतू शिरतो, आधी कातडीवर कडं, मग कधी चेहऱ्याची नस, कधी सांधे, कधी हृदय. आपल्याकडे तो इतका विरळा की त्याची आठवण सहसा कुणाला होत नाही. रक्ताचा नमुना मुंबईला जाणार होता. बाईंनी निकालाची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक सुरू केलं, उशाशी तात्पुरतं मशीन तयार ठेवलं आणि कायमचं मशीन बसवणं थांबवलं. "जंतूमुळे असेल तर हृदय परत ताळ्यावर येईल. नसेल तर बसवावंच लागेल."

पुढचे दिवस मी अकोला पाहिलं, म्हणजे दवाखान्यासमोरची चहाची टपरी पाहिली. चहा गोड, बाक लाकडी. रोज सकाळी नवी पट्टी निघे आणि वहिनी ती उलटीसुलटी धरून पाहत. पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, निरोप वेळेवर पोचायला लागलाय. वहिनींनी त्या दिवशी नवऱ्याशी धरलेला अबोला सोडला: "आता तरी गोठ्यात हात घालू नोका."

सहाव्या दिवशी मी एकटाच निघालो. अमरावतीला दह्यातला गिला वडा खाल्ला, मोर्शी-वरूडकडून एसटीने शेंदूरजनाघाट गाठलं. संत्री झाडावर खरोखरच तशीच दिसतात, जशी दिसावीत. मी पँट मोज्यात खोचून हिंडत होतो.

"साप दिसला काय, साहेब?" बागवाल्याने विचारलं.

"नाही, गोचिडीसाठी."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं संस्कृत भाषांतर मला अजून सापडलेलं नाही.

पुण्यात परतून आता महिना झाला. मुंबईचा निकाल आला, संशय खरा ठरला. शिरेतलं औषध संपून गोळ्याही संपल्या. प्रल्हादची डावी पापणी अजून थोडी आळशी आहे. बागेचे फोटो घरी कुणी मागितले नाहीत; गोचिडीची गोष्ट सगळ्यांना दोनदा सांगून झाली.

काल त्याचा फोन होता. "डॉक्टरीणबाई आता प्रत्येकाले इचारते, गोचीड काढली काय. आपल्याकडचे सगळेच हो म्हणते."

"मग?"

"मग इचारते, कोणत्या देशातली."

थोडा वेळ तो हसत राहिला, छातीत कसलंही मशीन नसताना. ठेवता ठेवता म्हणाला, "बरं, पंडित, प्रल्हाद बोलून राहिला होता. प्रल्हाद."

हे सांगायची गरज नव्हती. पण तिन्ही 'प' स्वच्छ होते, आणि ते मला ऐकवायचेच होते त्याला.